तिसरा भोंगा

बालाघाटात खोली शोधत फिरत होते तेव्हा घरमालकांनी मला नाना प्रश्न विचारले. लग्न झालं का, मांस-मच्छी शिजवता का, पाहुणे किती येतात, ड्यूटीवरून यायला उशीर होतो का. "झोप कशी आहे?" असं विचारणारा घरमालक मात्र एकच भेटला.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हंजे रात्री पडली का सीधी सकाळीच उठतं, का मधात उठून घुबडावानी बसतं?"

"मस्त आहे झोप," मी ठोकून दिलं. खोली हवेशीर होती, माझी लॅब चालत दहा मिनिटांवर होती, आणि एवढ्याशा खोट्यानं कोणाचं काय बिघडणार होतं?

त्यांनी माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं निरखून पाहिली, मेकॅनिक टायरची झीज पाहतो तशी. मग आत बायकोला हाक मारली, "अवं, वरच्या खोलीची किल्ली दे हिले. खोटं बोलून राह्यली, पन पोरगी चांगली हाय."

हे काकाजी. बुटके, पोट पुढे, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, जो निवृत्तीनंतरही सुटला नव्हता. सत्तावीस वर्षं त्यांनी खैरलांजीकडची मुक्कामी गाडी चालवली. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी बालाघाटहून निघायची, अंधार पडता पडता शेवटच्या गावी पोचायची, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे माणसं भरून परत यायची. त्या गावात तेव्हा घड्याळं थोडी, आणि होती त्यांचं आपसात पटत नसे. त्यामुळे गाडीचा भोंगा हेच गावाचं घड्याळ. पाचला पहिला भोंगा, म्हणजे उठा. पाच-वीसला दुसरा, म्हणजे घराबाहेर पडा. साडेपाचला तिसरा वाजला की गाडी सुटली, मग मागे कोणी कितीही बोंबलो.

ती जुनी बस भंगारात निघाली तेव्हा मालकानं विचारलं, आठवण म्हणून काय हवं? काकाजींनी भोंगा मागितला. रबरी फुग्याचा, पितळी तोंडाचा तो भोंगा त्यांनी घराच्या पायऱ्यांशी, पेरूच्या फांदीला बांधला. आणि खैरलांजीकडच्या गावाचं जे घड्याळ होतं ते आमच्या गल्लीचं झालं. गल्लीची इच्छा कोणी विचारली नव्हती. समोरचा शिंपी रोज तिसऱ्या भोंग्याला खिडकी उघडून ओरडायचा, "काकाजी, थोडा तो रहम करो! रात बारा बजे तक ब्लाउज सिले हैं!"

"तर दहा वाजेपर्यंत शिवत जा! गाडी सुटते!" असं उत्तर देऊन काकाजी वैनगंगेच्या दिशेनं चालू पडत.

त्यांचा डावा हात गप्प बसत नसे. ओसरीतल्या लाकडी तख्तावर ते नेहमी उजव्या टोकाला बसायचे, आणि बोलता बोलता डावा हात गिअर बदलायचा. गप्पा रंगल्या की टॉप गिअर. राजकारण निघालं की न्यूट्रल. काकी चिडल्या की हात हळूच मागे जायचा, रिव्हर्स. मी त्यांचा मूड तोंडापेक्षा हातावरून ओळखायला लागले होते.

काकी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच, बोलायला कमी, आणि घोरण्यात साऱ्या वॉर्डात पहिल्या. माझी खोली त्यांच्या डोक्यावरच होती. तांब्यावर पालथं घातलेलं भांडं रात्री थरथरायचं, यात अतिशयोक्ती असली तर फार थोडी. एकदा मी धीर करून काकाजींना विचारलं, "तुम्हाला कशी हो झोप लागते?"

"मले तर तिच्यामुळंच लागते," ते म्हणाले. "बस चालवाच्या आधी मी लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होतो. उस्ताद गाडी चालवे, मी बाजूले झोपो. इंजिन बंद झालं का क्लीनरनं उडी मारून चाकामागं गोटा लावाचा, नाही तर गाडी मांगं जाते. तवापासून इंजिन चालू असलं का मी बेफिकीर. बंद झालं का टक्कन डोया उघडते."

"आणि मुक्कामाला? तिथं कुठलं इंजिन?"

"तिथं राईस मिल होती ना बाप्पा. रातभर धडधड."

काकी आतून म्हणाल्या, "मले इंजिन म्हनून राह्यले, अन भाकरी बी मीच थापू." काकाजींचा हात मागे गेला.

माझं खोटं महिनाभर टिकलं. खरं म्हणजे मला वर्षभर झोप नव्हती. वर्षापूर्वी नोकरीसाठी गोंदियाजवळच्या आमच्या गावाहून निघाले तेव्हा ती तिथंच राहून गेली असावी. आईनं जायफळ दिलं, मावशीनं तळपायांना खोबरेल चोळायला सांगितलं, एका मैत्रिणीनं मोबाईलवर पावसाचा आवाज टाकून दिला. त्या पावसानं मला रात्रीतून दोनदा बाथरूमला जावं लागलं, एवढाच गुण. दोन वाजता मी गणित करायचे: आत्ता डोळा लागला तर साडेतीन तास मिळतील. तीन वाजता: अडीच तास. या गणितात मी कधी चुकले नाही.

चुकले ते दिवसा, लॅबमध्ये. लामत्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या नावाची चिठ्ठी मी दुसऱ्याच माणसाच्या रक्ताच्या नळीला लावली, आणि त्याची म्हाताऱ्याच्या नळीला. त्या दुसऱ्याला साखरेचा आजार होता, म्हाताऱ्याला काहीच नव्हतं. दोघं आपापले रिपोर्ट घेऊन घरी गेले. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट ताडून पाहिला म्हणून चूक कळली आणि धावाधाव करून दोघांना परत बोलावलं. म्हाताऱ्यानं तोवर घरातला सगळा गूळ शेजाऱ्याला देऊन टाकला होता. दुसरा मात्र गोळ्या बंद करून आनंदानं जिलेबी खात बसला होता. ऐकायला गंमत वाटते, पण आठ दिवस कळलं नसतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "बेटा, इस बार छोड़ रहा हूँ. दुबारा नहीं."

घरी येऊन मी पायऱ्यांवर बसले आणि रडले. काकाजी तख्तावरून उठून माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसले. सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस झाले झोपली नाहीस?"

"वर्ष झालं."

"मंग मस्त हाय म्हने!" हात न्यूट्रलमध्ये होता. मग म्हणाले, "तुयी बी गाडी बांधीत गेली तर."

बांधी म्हणजे धानाचं शेत, भोवती बांध घातलेलं. तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. रोवणीचे दिवस होते. मुक्कामाच्या गावची राईस मिल दुरुस्तीसाठी बंद, त्यामुळे रात्रभर सगळीकडे सामसूम. काकाजींचा डोळा लागेना. पहाटे डोकं दगड झालं होतं, पण भोंगा चुकवायची सवय नाही, गाडी सोडली. उजाडता उजाडता एका वळणावर डोळा मिटला, आणि उघडला तेव्हा बस चाळीस माणसांसकट रोवणीच्या चिखलात अलगद उतरून उभी होती. कोणाला खरचटलंही नाही. दुधाचे कॅन तेवढे सांडले. पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, लावणाऱ्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

"सारे हसले," काकाजी म्हणाले. "मले हसू नाही आलं. मांगच्या सीटवर एक बाई लेकरू घेऊन बसली होती. ते लेकरू झोपलं होतं. त्याले खबर बी नाही का आपून कोठून वाचलो."

ट्रॅक्टरनं बस वर काढली. काकाजींनी किल्ली कंडक्टरच्या हातात दिली, सांगितलं, झोप झाल्याशिवाय मी गाडीला हात लावणार नाही, आणि ते तिथंच बांधावर आडवे झाले. चाळीस माणसं खोळंबली. कोणाची कोर्टाची तारीख, कोणाची परीक्षा. कंडक्टर हातापाया पडला. तेव्हा वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला निघालेली एक म्हातारी त्यांच्या उशाशी जाऊन बसली आणि सगळ्यांना दटावून म्हणाली, "निजू द्या त्याले. दोन घंटे उशिरा पोचू, पन पोचू." बाजूला ट्रॅक्टर फुरफुरत होता, त्या आवाजात काकाजींना झोप लागली. दोन तासांनी उठून त्यांनी सगळ्यांना सुखरूप बालाघाटला आणलं.

"तवापासून मी मानसाले पह्यले झोप विचारतो," ते म्हणाले. "जात नाही, नौकरी नाही. ज्याची झोप नाही झाली, त्याच्या हाती काही बी देनं म्हंजे धोका."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीची पॅसेंजर झाले. आधी त्यांनी मला माझ्याच डॉक्टरांकडे पिटाळलं. गाडीत खरंच बिघाड असेल तर ग्यारेजलाच न्यावी, असं त्यांचं म्हणणं. बिघाड निघाला नाही. मग त्यांचा कायदा सुरू झाला.

"रातची झोप सकाळी कमवा लागते," हे त्याचं पहिलं कलम. रात्र कशीही गेली तरी तिसऱ्या भोंग्याला खाली हजर राहायचं, पाय धुवायचे आणि ऊन तोंडावर घेत नदीपर्यंत चालायचं. रविवारी सुद्धा. दुपारी डुलकी नाही, चारनंतर चहा नाही. माझ्या खोलीतलं घड्याळ त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगलं. "घड्याळ विचाराचं नाही. टाइम पाह्यनं कंडक्टरचं काम, तुयं नाही." मोबाईल रात्री नऊला काकींच्या स्वाधीन व्हायचा. काकी तो चिन्नोर तांदळाच्या डब्यात ठेवायच्या, त्यामुळे सकाळी कोणाचाही फोन आला तरी कानाला सुगंध यायचा.

आणि खाट. खाटेवर जागं पडून राहणं म्हणजे त्यांच्या भाषेत बिनतिकिटाचा प्रवास. "झोप नाही येऊन राह्यली तर उतर खाली. झोप आली का चढ." खाली उतरल्यावर करायचं काय? त्यासाठी काकींनी पायरीवर लाखोळीच्या डाळीनं भरलेलं सूप ठेवलेलं असायचं. मंद दिव्यात खडे निवडत बसायचं, डोळे जड झाले की वर जायचं. त्या पावसाळ्यात आमच्या घरची, शिंप्याची आणि शिंप्याच्या सासुरवाडीची सुद्धा डाळ मी निवडून दिली. माझ्या आजारावर काकींनी गल्लीत बराच मान मिळवला.

तिसऱ्या आठवड्यात मी पार मोडले. झोप आधी होती त्याहून कमी झाली. पहाटे नदीकडे जाताना रस्त्यातच उभी राहून ओरडले, "काकाजी, तुमच्या भोंग्यानं मी मरून जाईन! मले नाही याचं तुमच्या गाडीत!"

त्यांचा डावा हात सावकाश खालच्या गिअरमध्ये आला. "चढाव हाय पोरी," ते म्हणाले. "चढावावर गाडी जोर लावते अन धीरे चालते. मधात उतरू नको."

मी उतरले नाही. त्यानंतर चार-सहा दिवसांनी मी रात्री डाळीचं सूप अर्ध्यात ठेवून वर गेले, आणि पुढचं जे आठवतं तो तिसरा भोंगा. पहिले दोन मला ऐकूच आले नव्हते. धडपडत खाली आले तर काकाजी निघून गेलेले. काकी हसून म्हणाल्या, "जाय, कोपऱ्यावरच असतीन."

खरंच होते. कोपऱ्यावरच्या हातपंपापाशी वाकून पायाशी काहीतरी करत होते. मी धापा टाकत पोचले. "लेस बांधून राह्यलो होतो," ते म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्या पायात नेहमीच्या चपला होत्या. मागे गाडीचंही तसंच असायचं, असं काकींनी मग मला सांगितलं. गाडी कोणासाठी थांबत नसे, पण लांबून कोणी बोचकं घेऊन पळत येताना दिसलं की काकाजींना नेमकी टायरची हवा तपासावी लागे.

त्यानंतर लॅबमध्ये माझ्या हातून नळी बदलली नाही. अडीच वर्षं मी त्या गाडीत होते. पुढे गोंदियाला चांगली नोकरी लागली. निघताना काकींनी चिन्नोरचा तो डबाच मला देऊन टाकला.

गेल्या हिवाळ्यात काकी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी भेटून आले तेव्हा काकाजी तख्ताच्या उजव्या टोकाला बसले होते. डावा हात मांडीवर नुसता पडला होता. मला त्यांच्याशी काही बोलता आलं नाही, आणि याची मला लाज वाटत राहिली.

दोन महिन्यांनी शिंप्याचा फोन आला. "दीदी, काकाजी का भोंगा बंद है. पूरा मोहल्ला लेट हो रहा है." मग आवाज खाली आणून त्यानं बाकीचं सांगितलं. काकाजी रात्र रात्र पायऱ्यांवर बसतात, दिवसा खुर्चीत पेंगतात. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि बसल्या बसल्या डोळा लागला. घरभर धूर झाला, शिंपी कडी तोडून आत गेला म्हणून निभावलं.

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि बालाघाट गाठलं. काकाजी अर्धे झाले होते. मला पाहून म्हणाले, "इंजिन बंद झालं ना, पोरी. डोया लागला का टक्कन उघडते. पाय खाली सोडतो, गोटा शोधतो. मंग ध्यानात येते का गाडीच नाही." मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही दोघांनी काकींची आठवण काढली. मग मी वरच्या खोलीची किल्ली मागून घेतली. खोलीतलं घड्याळ अजून भिंतीकडे तोंड करून होतं.

पहाटे पाचला मी पेरूखाली उभी राहिले. रबर कडक झालं होतं, पहिल्या दाबाला नुसता वारा निघाला. दुसऱ्या दाबाला भोंगा वाजला. पाच-वीसला पुन्हा. साडेपाचला तिसरा वाजवला तेव्हा दार उघडलं. काकाजी शाल गुंडाळून उंबऱ्यात उभे होते.

"किती वाजले?"

"घड्याळ विचाराचं नाही, काकाजी. पाय धुवा. गाडी सुटते."

"रातभर डोयाले डोया नाही लागला मह्या."

"हौ. म्हनूनच."

पाय ओढत ते आले. अर्ध्या वाटेत खाली बसले, म्हणाले, माझ्यानं नाही होत, तू जा. मी त्यांच्या शेजारी रस्त्याच्या कडेला बसले. "बसू ना," म्हटलं. "दोन घंटे उशिरा पोचू, पन पोचू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं उठले, आणि आम्ही नदीपर्यंत पोचलो.

पुढचे दिवस मी त्यांचा कायदा त्यांच्यावरच चालवला. दुपारी डोळा मिटायला लागला की लाखोळीचं सूप समोर. चारनंतर चहा मागितला की शिंपी गप्पांना हजर. ते चिडायचे, मला हिटलर म्हणायचे. तिसऱ्या दिवशी डावा हात थोडा हलला. तो रिव्हर्स होता, पण मला बरं वाटलं.

सहाव्या रात्री मी वर अंथरुणावर पडले होते. खालून घोरणं ऐकू आलं. मी ताडकन उठून बसले. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, काकी आल्या. मग कळलं की ते काकाजींचं होतं. म्हणजे इतकी वर्षं तेही घोरत असणार, पण काकींपुढे त्यांचा आवाज आमच्यापर्यंत कधी आलाच नव्हता. त्यांचं त्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मग मी खाटेवर बिनतिकिटाची बसून राहिले, मुद्दाम, कान देऊन. मध्येच घोरणं थांबलं. मी श्वास रोखून धरला. आता पाय खाली येतील, गोटा शोधतील. पाय वाजले नाहीत. घोरणं पुन्हा सुरू झालं. असं चार-पाचदा झालं असेल, आणि दर वेळी ते आपलं आपण सुरू झालं. केव्हा तरी मीही आडवी झाले.

जाग आली ती भोंग्यानं. पहिला की दुसरा ते कळेना, तेवढ्यात समोरची खिडकी धाडकन उघडली. "काकाजी, थोडा तो रहम करो!" शिंपी ओरडत होता, पण त्याच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

"गाडी सुटते!" खालून उत्तर आलं.

मी ओढणी सावरत, जिना उतरत, तोंडही न धुता पळाले. गल्ली रिकामी होती. कोपऱ्यावर हातपंपापाशी काकाजी पाठमोरे वाकून, आपल्या चपलेची लेस बांधत होते.